पायपातला पिंपळ

९ जून २००२, रविवार

ही वही दोन दिवस फ्रिजवर होती आणि मनाली घरभर शोधत होती — हे आधी लिही, मनाली. वही तुझी, अक्षर तुझं, माझं फक्त तोंड. पुढं वाचून दाखवताना हे पान गाळायचं नाही.

आज ती मला बोन्साय निवडायला घेऊन गेली. रंकाळ्याकडं हंबीररावांची नर्सरी आहे. वीतभर वड, वीतभर चिंच, ताटलीत बसवलेली. फांद्या तारेनं आवळलेल्या. मी विचारलं, यांनी कुणाचा ऊस चोरला होता?

हंबीरराव हसले. ‘आज्जी, घरात ऊन किती येतंय?’

म्हटलं, खिडकीत सकाळचं दोन तास. भाऊसोचा बनियन आड आला नाही तर. भाऊसो माझा लेक. सून जाऊन सहा वर्षं झाली. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, त्यात तो, ही नात आणि मी. तो दिवसभर कामावर.

‘मग जेड न्या, जाड पानांचं. नात नागपूरला गेल्यावर सोबत होईल. आठ दिवस पाणी विसरलं तरी तक्रार करत न्हाय.’

कोण नागपूरला गेल्यावर?

मनाली पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. तिकडच्या दवाखान्यात औषधं द्यायची नोकरी लागलीय, जुलैअखेर जायचं. कळून पंधरा दिवस झाले. सांगायचं विसरली म्हणे.

जेड घेतलं नाही. तक्रार न करणारी सोबत मला नको.

१० जून

आज काही सांगायचं नाही. लिहू नकोस म्हटलं तरी लिहितेय.

१४ जून, शुक्रवार

झाड मिळालं. मागच्या जिन्याजवळ ड्रेनेजचा पायप आहे, त्याच्या फटीत पिंपळ उगवलाय. बिल्डिंगवाले ॲसिड ओतणार होते. मी म्हटलं, थांबा, मला पाहिजे. मनालीनं उलथन्यानं खरवडून काढला. मूळ हातभर, झाड बोटभर. हंबीररावांनी मूळ छाटून उथळ कुंडीत लावून दिला. माती वरून सुकली तरच पाणी, म्हणाले. बोट घालून बघायचं.

छप्पन साली आप्पा, माझे वडील, नागपूरहून दीक्षा घेऊन आले. जयसिंगपूरजवळ आमची वस्ती. तिच्या कडेला त्यांनी पिंपळ लावला. मी बारा-तेरा वर्षांची. पाणी घालायचं काम माझं. भाऊ पाटी घेऊन शाळेला, मी तांब्या घेऊन पिंपळाला. पिंपळ वाढला, भाऊ शिकले, तांब्याला पोचे पडले.

१६ जून

समोरच्या दारातल्या शालूबाईनं कुंडी बघितली. उंबऱ्याच्या बाहेरूनच.

‘आक्काताई, पिंपळ घरात लावत न्हाईत. संसाराला बरा न्हवं.’

म्हटलं, ‘माझा संसार झालाय की करून.’

चहा घे म्हटलं. ‘आत्ताच झाला.’ चार वर्षं समोरासमोर राहतोय. हिचा चहा कायम आत्ताच झालेला असतो. का, ते ती बोलत नाही आणि मी विचारत नाही.

४ जुलै

पानं पिवळी पडली. चार गळली. उरली तीन. हे लिहिणारीच पाणी विसरते. लिही, मान वर न करता.

६ जुलै, शनिवार

सकाळी डोळे मिटून पडले होते. दार उघडंच. पावलं वाजली म्हणून बघितलं, तर शालूबाई खिडकीशी. हातात तांब्या. कुंडीला हळदकुंकू लावून, सबंध तांब्या ओतून, हात जोडून उभी.

‘शालूबाई!’

दचकली. ‘शनवार हाय आक्काताई. पिंपळाला पाणी नको व्हय घालायला? घरात लावायचा न्हवता, पर लावलाय तर त्याला उपाशी ठेवू?’

‘किती शनिवार झाले?’

‘तीन.’

तेवढ्यात मनाली बाहेर आली. म्हणाली, ‘मी तर रोज घालते. तू विसरते म्हणतेस म्हणून मुद्दाम.’ भाऊसो दाढी करता करता म्हणाला, ‘कामावर जाताना मीपण.’ आणि मी? ही विसरणार म्हणून दुपारी एक फुलपात्र मीही घालत होते.

कुणीच विसरलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याची मुळं कुजवायला घेतली होती.

शालूबाई इतकी हसली की पदर तोंडात धरून खाली बसली. उंबऱ्याच्या आत. मनालीनं न विचारता चहा ठेवला. कप समोर आला तशी शालूबाईचं हसू थांबलं. कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग बशीत ओतून प्यायली. साखर कमी आहे म्हणाली.

१९ जुलै

फूट आली. पान तांबूस, ओलं, बाळाच्या कानाएवढं. मनालीची बॅग भरायला काढलीय. मी बॅगेकडं बघत नाही, पानाकडं बघते.

२७ जुलै, शनिवार

मनालीला सांगितलं, उद्या गाडीत कुंडी मांडीवर घेऊन जायची. ‘आजी, ते तुझ्या सोबतीला आणलंय,’ म्हणते. म्हटलं, तुला रोज काहीतरी आठवायची सवय लागू दे. आप्पांनी नागपूरहून एवढं आणलं, आपल्याकडचं एक झाड तिकडं जाऊ दे.

आता लिहिता लिहिता पान भिजवतेय. पुरे. त्या झाडासारखं वहीलाही जास्त पाणी झालं.

८ ऑगस्ट

हे अक्षर शालूबाईचं. सातवी शिकलीय, ते आज कळलं. मी बोलते तसंच लिव्ह म्हटलंय. तिनं तिच्या न्हाणीच्या पायपातनं एक पिंपळ उपटून तुपाच्या डब्यात लावलाय. घरात न्हाय, म्हणती. जिन्यात, दोघींच्या दारांच्या मधी. शनवारी पाणी ती घालणार, बुधवारी मी. बाकी कुणी हात लावायचा न्हाय.

भाऊसो रविवारी मनालीकडं निघालाय. त्यानं कांदा-लसणाची चटणी न्यायची, गूळ न्यायचा आणि शेंगदाण्याचं लाडू. अर्धं माझ्या हातचं, अर्धं शालूबाईच्या. डबा एकच.