भिंतीपलीकडची लाल खूण

प्रिय भिंगरी,

फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊच देत नाहीस. ‘मी बरी आहे, तू जेवलीस का?’ एवढं विचारतेस आणि ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. नीट बसून वाच. शेवटचं पान आधी वाचायची तुझी लहानपणापासूनची खोड मला ठाऊक आहे, ती आज नको.

घरी सगळं ठीक आहे. तुझ्या बाबांचा गुडघा जिने चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. सकाळी पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसतात आणि अडलं की मला दुकानात फोन करतात. समोर गिऱ्हाईक डोक्याला फेस लावून बसलेलं असलं तरी मला ‘चार अक्षरी, अर्थ हट्टी’ वगैरे ऐकावं लागतं. दुकान मजेत चाललंय. दोन्ही खुर्च्यांना नवीन कापड घातलं. परवा एका मुलीनं कंबरेपर्यंतचे केस मानेपर्यंत कापून घेतले. आधी मुसमुसली, मग आरशात बघून स्वतःशीच हसली आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीला घेऊन हजर. तीस वर्षं झाली कात्री धरून, हात अजून थरथरत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचताना आई म्हातारी होऊन हळवी झाली असं तुला वाटायला नको.

तू मुलांना गणित शिकवतेस ते मला नापसंत नाही. पण आवडीनं शिकवणारी माणसं मला ओळखू येतात. तू त्या भाड्याच्या खोलीत गणिताआड लपून बसली आहेस.

साथीच्या काळात तू त्या ॲपच्या कामावर होतीस तेव्हाचे दिवस मला रोज आठवतात. तुझा आवाजच वेगळा लागायचा. ‘आई, कोण कोणाजवळ किती वेळ होतं, एवढंच फोन लक्षात ठेवणार. नाव नाही, पत्ता नाही. जवळचं कोणी आजारी निघालं तर लाल खूण येणार, की लगेच चाचणी करून घ्यायची.’ मला त्यातलं निम्मं कळलं, पण तू केलंय म्हटल्यावर माझ्यासाठी विषय संपला. गल्लीत सगळ्यात आधी माझ्या फोनमध्ये आलं ते.

बाकीच्यांची समजूत घालणं म्हणजे मोठं दिव्य होतं. समोरचा शिंपी म्हणायचा, हे यंत्र आपलं बोलणं ऐकतं, म्हणून तो फोन कापडाच्या गठ्ठ्यात खुपसून ठेवायचा. भाजीवालीला वाटायचं, ती दुपारी कुठे जाते ते सासूला कळेल. कोणी म्हणे लाल खूण आली की गाडी येऊन उचलून नेते. त्यात नियमही रोज नवे. एका सोमवारी केस कापायला परवानगी आली, दाढीला नाही. म्हणजे मी माणसाला अर्धा माणसात आणून घरी पाठवायचं! पुढच्या सोमवारी दाढीला परवानगी मिळाली, पण खुर्ची एकच चालू ठेवायची. दारावर चिकटवायला दोन कागद आले, त्यातला एक दुसऱ्याला खोटं पाडणारा. अशात कोण कशावर विश्वास ठेवणार? तरी मी खुर्चीत बसलेल्या माणसाला सोडायची नाही. वस्तरा गळ्याशी असताना कोणी फार वाद घालत नाही. चाळीसेक लोकांनी माझ्या दुकानात बसून ते ॲप घेतलं. आमचे बँडमास्तरही त्यातलेच. निवृत्त झाले तरी अकरा जणांचा वाद्यवृंद चालवायचे आणि दर गुरुवारी मिशी कोरून घ्यायला यायचे. त्यांनी मला विचारलं होतं, ‘बाई, मी बेसूर वाजवलं तरीही लाल खूण येईल का हो?’

मग माझ्याच फोनवर खूण आली. चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही. मी तीन दिवस गिऱ्हाइकाशिवाय एकटी दुकानात रंगकाम करत होते, कोणाच्या वाऱ्यालाही उभी राहिले नव्हते. तुला फोन केला तर तू आधी म्हणालीस, ‘नियम सगळ्यांना सारखा, आई.’ मग विचारलंस, ‘फोन कुठे ठेवतेस?’ मी म्हटलं, आरशाखालच्या फळीवर. ‘आणि भिंतीपलीकडे काय आहे?’ भिंतीपलीकडे दातांचा दवाखाना. तिथं फोन घेणारी मुलगी आजारी पडली होती आणि तिचं टेबल नेमकं माझ्या आरशामागे. मध्ये वीतभर भिंत. माणसं एकमेकांना दिसत नव्हती, पण फोन दिवसभर शेजारी बसून होते. तू हळूच म्हणालीस, ‘फोनला भिंत कळत नाही, आई. हे आमच्या लक्षातच आलं नाही.’

मी चौदा दिवस घरात काढले. चाचणीत काही निघालं नाही. दुकान उघडलं तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं, आणि डोकं तापलं की माझ्या तोंडाला धार येते, तुला माहीतच आहे. आल्या गेल्याला मी तो किस्सा ऐकवायला लागले. ‘भिंतीला सर्दी झाली आणि मला कोंडून ठेवलं!’ शिंपी पोट धरून हसला. लोक केस वाढलेले नसताना नुसता किस्सा ऐकायला यायचे. एके दिवशी सगळ्यांसमोर मी ते ॲप फोनमधून काढून टाकलं, तर टाळ्या पडल्या. आठवड्याभरात त्या चाळीसांपैकी निम्म्यांनी काढून टाकलं असेल. तू केलेली गोष्ट मी हसण्यावारी नेत होते आणि तुला त्यातलं अक्षर सांगत नव्हते.

पुढचं तू पेपरात वाचलंस. बँडमास्तरांच्या वाद्यवृंदातल्या अकरा जणांपैकी नऊ जण आजारी पडले. ते स्वतः आजारातून वाचले. त्यांच्याजवळ राहणारी त्यांची थोरली बहीण तीन आठवड्यांनी दवाखान्यातच वारली. वाद्यवृंदाला चहा देणारी, सगळ्यांच्या वाढदिवसाच्या तारखा पाठ असणारी बाई. माझ्याकडून दर दोन महिन्यांनी केसांची टोकं कापून घ्यायची आणि ‘अगदी इतकुसंच हं’ म्हणून चिमटीत दाखवायची.

ते नऊ जण आजारी निघाले त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रातल्या सिस्टर माझ्याकडे आल्या. गल्लीत त्यांचा फोन कोणी उचलत नव्हतं, दार कोणी उघडत नव्हतं. माझ्या वेळांच्या वहीत कोण कधी आलं ते लिहिलेलं होतं, पण नावानं नाही. ‘मानेवर भोवरा’, ‘उजवा कान पुढे’, ‘बोलतो फार’ असं. ती वही मलाच वाचता येते. मी सिस्टरांना म्हटलं, नावं मी देणार नाही, फोन मी करते. दोन दिवस बसून एकतीस जणांना फोन केले. आजारी कोण ते कोणाला सांगितलं नाही. घरात राहा, दाराशी जेवण मी ठेवते, तापाचं काही लपवलंत तर पुढचे केस स्वतः कापा, असा दम दिला. एकतीसच्या एकतीस जण घरात राहिले. सात जणांना लागण निघाली, आणि गल्लीत त्यापुढे एकही नाही.

त्याबद्दल माझा सत्कार झाला. तेव्हा तू फोनवर म्हणालीस, ‘आई, तुला जे एका वहीनं जमलं ते आम्हाला एवढ्या यंत्रांनी जमलं नाही. लोकांचा विश्वास माझ्यामुळे गेला आणि बँडमास्तरांची बहीण त्यात गेली.’ पुढच्या महिन्यात तू नोकरी सोडलीस. तुझं ते वाक्य दोन वर्षं मला सलतंय. त्याच दिवशी मला उत्तर द्यायला हवं होतं. दिलं नाही. आज देते.

बँडमास्तरांना लाल खूण आली होती. त्यांनी ॲप काढून टाकलेलं नव्हतं. सरावाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, ते मिशीसाठी आले आणि फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘बाई, माझ्याही भिंतीला सर्दी झाली वाटतं.’ आधी हसले, मग गंभीरपणे विचारलं, ‘काय करू? उद्या सराव आहे.’ दुकानात आणखी दोघं बसले होते, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हटलं, ‘मी चौदा दिवस घरात बसून काय मिळवलं? खुशाल वाजवा!’ सगळे हसले. ते गेले. खूण खरी होती. त्यांच्या शेजारी बसणारा क्लॅरिनेटवाला चार दिवसांपासून तापानं फणफणला होता.

आणि मला फरक कळत नव्हता असंही नाही. माझ्या कोंडवासाच्या अकराव्या दिवशी तू मला मेसेज पाठवला होतास. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. ‘आज साहेबांना भिंतीचा दोष सांगितला. दुरुस्त होईपर्यंत लाल खूण आली तर दुर्लक्ष करू नका, आधी चाचणी करा. दुकानात सगळ्यांना सांग, तुझं ऐकतात.’ मी तो वाचला. कोणाला सांगितला नाही. सांगितला असता तर किस्सा संपला असता, आणि मला किस्सा हवा होता. एवढंच कारण आहे, भिंगरी. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

मागच्या रविवारी मी बँडमास्तरांच्या घरी गेले आणि हे सगळं त्यांना सांगितलं. मेसेजही दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मला वाटलं, आता दार दाखवतील. ते म्हणाले, ‘बाई, त्या दिवशी माझ्या घशात खवखव होती. सिस्टरांना फोन केला असता तर त्या जाऊ नका म्हणाल्या असत्या, म्हणून त्यांना केलाच नाही. तुम्ही जा म्हणाल हे माहीत होतं, म्हणून तुमच्याकडे आलो.’ मग फोन मला परत देत म्हणाले, ‘आपण दोघं आपापलं जाणून होतो. ताईला मात्र कोणीच काही सांगितलं नाही.’ निघताना ते दारापर्यंत आले. मी पुन्हा येऊ का, असं विचारलं. या म्हणाले.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. बुधवारी तुझ्या बाबांनी शब्दकोडं बाजूला ठेवून तुमच्या ॲपवर बसलेल्या चौकशी समितीची बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. दोष माहीत झाल्यावर ॲप बनवणाऱ्यांपैकी कोणी वरिष्ठांना कळवल्याचा लेखी पुरावा नाही, असं त्यात होतं. साहेब म्हणतात, मला कोणी सांगितलंच नाही. आणि तू लेखी दिलंयस की चूक तुझी. लेखी पुरावा आहे, आणि तो कुठे आहे हे तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. तो दाखवला असता तर तू सुटली असतीस, पण तारीख बघून लोकांनी विचारलं असतं, मग आईनं दुकानात का सांगितलं नाही? बँडमास्तर माझ्याकडे काय विचारायला आले होते ते तुला माहीत नव्हतं. पण मी मेसेज दाबून ठेवला हे तू ओळखलं होतंस, आणि दोन वर्षं मला पाठीशी घातलंस. पोरी, आईला पाठीशी घालायचं वय तुझं नाही. मी समितीच्या कचेरीत फोन केला, मेसेज त्यांच्याकडे जमा केला, पोचपावती घेतली. तुझी सुनावणी येत्या मंगळवारी साडेअकराला आहे, माझी त्यानंतर लगेच. बँडमास्तरही येणार आहेत, त्यांनी स्वतःहून नाव दिलंय. मी सोमवारी दुपारी तुझ्याकडे पोचते. एक गादी जादा काढून ठेव. भिंतीचं लक्षात आलं नाही, ही तुझी चूक आहे, ती तू सांग. बाकीची माझी आहे, ती मी सांगते. समितीला काय लिहायचं ते लिहू दे. आत आपण एकेकट्या जाऊ, बाहेर मात्र दोघी मिळून येऊ.

तुझीच,
आई