रेघाळीच्या रेघा

३ मार्च, सोमवार

गुलाबी. एकूण एक साधी गुलाबी!

दोन वर्षं वाट पाहिली ह्या फुलांची. मुंगीने टिश्यू कल्चरने वाढवलेली एकशेवीस रोपं. (मुंगी म्हणजे माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. सदा लगबगीत, म्हणून सगळा विभाग तिला मुंगीच म्हणतो.) रोपं 'रेघाळी'ची, आणि एकाही फुलावर रेघ नाही. रेघाळी म्हणजे गुलाबी पाकळीवर पांढऱ्या रेघा असलेली लिली. माझी लिली! माझी डॉक्टरेट, माझी नोकरी, नऊ वर्षांत मिळालेलं नाव, सगळं त्या रेघांवर उभं आहे.

मुंगीला फाडून खाल्लं. "लेबलं बदललीस! भलत्याच बाटल्यांतली रोपं लावलीस!" ती रडली नाही. "मॅडम, प्रत्येक बाटलीवर तारीख आहे. तुम्हीच बघा ना."

बघितल्या. लेबलं बरोबर आहेत. तिची माफी मात्र मागितली नाही.

५ मार्च, बुधवार

डोक्यात आलंय ते लिहायलाही भीती वाटते. लिहितेच.

आम्ही रेघाळी वाढवतो ती खवल्यांपासून. कंदाचा एकेक खवला सोलायचा, ओल्या भुशात ठेवायचा, त्याला बारके कंद धरतात. मूळ कंदात जे असेल ते सगळं पुढे जातं. मुंगीने घेतला कोंबाच्या टोकाचा कण, टाचणीच्या डोक्याहून लहान. तिथवर व्हायरस सहसा पोचत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच शिकवते हे, फळ्यावर चित्र काढून!

म्हणजे त्या रेघाच रोगाच्या असतील तर? मी नऊ वर्षं एक आजारी झाड नवी जात म्हणून मिरवलं?

तेव्हा तपासणी का नाही केली? झाड ठणठणीत होतं, सुचलंच नाही... खोटं. सुचलं होतं. नको वाटलं.

६ मार्च

पानं तपासायला पाठवली. दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत. पुडीवर नाव घातलं नाही, नुसता आकडा. चोर कुठली!

९ मार्च, रविवार

काकांचा फोन. नर्सरीवाले काका. माझे कंद कुणी दारात उभे करत नव्हतं तेव्हा ह्यांनी पहिला वाफा दिला. मला अजून 'डॉक्टरीणबाई' म्हणतात. त्यांच्याकडे एक पांढरी लिली आहे, त्यांच्या आईने जपलेली. दुसऱ्या कुठल्याही नर्सरीत मी ती पाहिलेली नाही.

"डॉक्टरीणबाई, पांढरीची पानं आकसायला लागलीत हो. कळ्या वाकड्यातिकड्या. खत बदललं, पाणी बदललं, काही उपयोग नाही. आणि तुमची रेघाळी बघा, शेजारच्याच वाफ्यात, कशी टवटवीत!"

रेघाळी रोग पचवत असेल, पांढरीला तो झेपत नसेल. मावा ही बारीक कीड इकडचा रोगट रस शोषते आणि तिकडे जाऊन बसते. मी विचारलं, "मावा आहे का?" म्हणाले, "थोडाफार असतोच की."

म्हटलं, "येते बघायला. जरा कामात आहे, पुढच्या आठवड्यानंतर येते."

कसलं काम? १९ तारखेला प्राध्यापकपदाची मुलाखत आहे. दुसरं काही नाही.

१२ मार्च, बुधवार

रिपोर्ट आला. रेघाळीच्या प्रत्येक नमुन्यात व्हायरस. मुंगीची रोपं स्वच्छ.

ह्यांना सांगितलं. चहा ढवळत म्हणाले, "अगं, मुलाखत होऊन जाऊ दे. आठ दिवसांत काय आकाश कोसळतंय?" हेच कुणीतरी म्हणावं म्हणून तर मी नवऱ्याला सांगितलं!

मुंगीने टेबलावरचा रिपोर्ट वाचला. दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, काकांना कळवायचं ना?"

"आधी परत तपासून घेऊ."

"दोनदा तपासलंय त्यांनी. खाली लिहिलंय."

मी कपाटात काहीतरी शोधत बसले.

१५ मार्च

जिन्यात पावलं वाजली की वाटतं, कळलं सगळ्यांना. आज शिपाई रजेचा अर्ज घेऊन आला तर माझी पाचावर धारण बसली.

१७ मार्च, सोमवार

काकांचा नंबर लावला. पहिली रिंग वाजली आणि कापला. लगेच त्यांचाच उलटा फोन! उचलला नाही. परत आला. फोन उशीखाली दाबून ठेवला, जसं काही ते त्यातून बाहेरच येणार आहेत. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी!

१९ मार्च, बुधवार

मुलाखत झाली. पडद्यावर रेघाळीचा फोटो, भिंतभर. पाच जण समोर. तिशीतला वाटेल असा एक सदस्य, अगदी सहज विचारतो, "मॅडम, ह्या रेघांचं मूळ काय?"

वाटलं, ह्याला ठाऊक आहे. मग वाटलं, नाही, हा खरंच विचारतोय. सांगून टाकायला ह्याहून सोपी वेळ मिळणार नव्हती. एक वाक्य पुरलं असतं.

"आनुवंशिक," मी म्हणाले.

जीभ अडखळलीसुद्धा नाही. सगळ्यात जास्त भीती मला त्याचीच वाटतेय.

२१ मार्च, शुक्रवार

निवड झाली. विभागात टाळ्या, फोटो, हातात हात. मुंगी खाली शेडनेटमध्ये रोपांना पाणी घालत होती, वर आलीच नाही. मी खाली गेले. म्हणाली, "अभिनंदन, मॅडम." पाईप हातातून सोडला नाही.

उद्या जाते. रिपोर्ट घेऊन. रेघाळी जाळा म्हणून सांगते. पांढरीची पंचवीस-तीस रोपं आणते, मुंगीच्या पद्धतीने कोंबाचं टोक काढून तिला स्वच्छ करून देते. दोन वर्षं लागतील, पण वाचेल. काका शिव्या घालतील. घालू देत. पद गेलं तर जाऊ दे. उद्या जातेच.

२२ मार्च, शनिवार

काका फाटकातच भेटले. हाताला धरून वाफ्यांकडे घेऊन गेले. सगळीकडे रेघाळीच लावलेली. पांढरीच्या जागेवरसुद्धा.

"परवा उपटून जाळली सगळी. कंदसुद्धा ठेवला नाही एक. आईची होती, जिवावर आलं, पण काय करणार? रोगट निघाली. तुम्हाला विचारायला फोन केला होता, तुम्ही कामात असाल. म्हटलं, डॉक्टरीणबाईंच्या रेघाळीला लागायला नको."