चाळीस पडद्यांवर आत्याचा गुडघा

तीर्थरूप आत्या,

तुझ्या लाडक्या (निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी) भाच्याचा साष्टांग नमस्कार. तू, काका आणि काकांचा खोकला, तिघंही मजेत असाल. मी ठीक आहे. नोकरीचं सांगवत नाही.

आमची कंपनी दवाखाने, तिकीटघरं, वाचनालयं यांच्या पडद्यांवर सूचना दाखवते. दर पडद्यामागे तो चालवणारा एक संगणक, असे चाळीस सर्व्हर. नवीन काही चढवायचं तर मी एकेका सर्व्हरची मनधरणी करत बसायचो. साहेब म्हणाले, हे आपोआप कर, तुला कायम करतो. मी प्रोग्राम लिहिला: एक कळ दाबली की चाळीसही ठिकाणी एकदम! साहेब खुर्ची ओढून पाठीशी बसले, माझी गाळण उडाली आणि तुला पाठवायचा निरोप भलत्याच चौकटीत लिहून मी कळ दाबली. गावभर पडदे उजळले: ‘आत्या, डावा गुडघा कसा आहे?’

मग वाटलं, दुखतो तो उजवा. घाईघाईने दुरुस्ती पाठवली, तर प्रोग्रामने अर्ध्या वाटेत मान टाकली. तेव्हापासून वीस पडदे उजवा म्हणतात, वीस डावा, आणि गावात दोन तट पडलेत. डाव्या दवाखान्यात उजव्या तिकीटघराच्या कारकुनाला कुणी नंबर देईना. वाचनालयात दोन पेन्शनर तुझ्यावरून हमरीतुमरीवर आले (दोघांनीही तुला पाहिलेलं नाही). ऑफिसात तुझ्या गुडघ्याला चोळायच्या तेलाच्या बाटल्या येऊन पडताहेत. सगळे पडदे एकसारखे करायला गेलो, तर दोन्ही तटांनी मला जिन्यातच अडवलं. माझी गच्छंती ठरलेलीच होती, पण साहेबांच्या लक्षात आलं की लोक गुडघ्यावरून भांडण्यात गुंतल्याने ‘रांग सरकत नाही’ ही तक्रारच बंद झाली आहे. आता म्हणतात, "गुडघ्याची बातमी रोज गेली पाहिजे. तुझं कायम होणं आत्याबाईंवर आहे." त्यामुळे मी मनाने रचलेल्या बातम्या सोडतोय. काल तू दोन मजले चढलीस. दमली असशील, जरा पड.

तुझा,
कायम होऊ घातलेला भाचा

ता. क. रविवारी साहेब दोन्ही तटांच्या पुढाऱ्यांना घेऊन तुला बघायला येताहेत. कुणाचं मन मोडायला नको, म्हणून दोन्ही पायांनी लंगड. (कसं, ते मी घरात चालून बघतोय. जमलं की कळवतो.)

आणखी एक ता. क. माझ्या हातात कायम झाल्याचा कागद पडेपर्यंत कृपा करून बरी होऊ नकोस. फारच राग आला तर इथे येऊन मला एक सणसणीत लाथ घाल. निदान चांगला पाय कोणता, ते तरी कळेल.