भोंग्याची जागा

पोर्टलंड,
६ जून १९८३

ती. ब्रोन्याआत्यास,
इरेनाचा सा. न. वि. वि.

बाबांचं कार्ड आलं. त्यावर एवढंच लिहिलंय, की येतो. एखादा टोमणा असेल म्हणून मी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, पण काहीच नव्हतं. मला रडूच आलं बघ. आई गेल्यापासून मी त्यांना शिकागो सोडून माझ्याकडे या म्हणत्येय, आणि दर वेळी ते म्हणायचे, की ज्या गावाला धड बेसबॉलचा संघ नाही तिथे माणूस फक्त मरायला जातो. आता गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज कायमचा गेला, आणि बाबा एका पत्रात तयार झाले.

मागची खोली रिकामी करून रंगवली. खिडकीतून डोंगर दिसतो. ऑगस्टच्या शेवटी मला हॉस्पिटलातून रजा मिळेल, तेव्हा त्यांना न्यायला येते. तू वरच्याच मजल्यावर आहेस म्हणून मी इथे निर्धास्त झोपते. त्यांचे लोकरीचे कपडे बांधून ठेव. आणि ती स्टेडियममध्ये नेतात ती भिकार उशी कृपा करून सामानात घालू नकोस.

गुडघ्यांना तेल लावत जा, आणि माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझी,
इरेना

शिकागो,
१४ जून १९८३

चि. इरेनास,
ब्रोन्याआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला धडकी भरली. अगं वेडे, तुझा बाप मुकाट्याने हो म्हणाला, हीच तर काळजी आहे! जन्मात कधी त्याने पहिल्या झटक्यात हो म्हटलंय? परवा मी त्याला बिटाचं सूप नेऊन दिलं, मुद्दाम बिनमिठाचं. निमूट प्यायला आणि गळ्यातल्या पाटीवर खडूने लिहिलं, "छान". माझ्या सूपला छान! मी जिन्यात येऊन डोळे पुसले.

डॉक्टर म्हणतात गाठ गेली, माणूस ठणठणीत आहे. पण दिवसभर पडदे ओढून बसतो. मॅच असली की वाऱ्यावर स्टेडियमचा गलका आपल्या स्वयंपाकघरात येतो ना, तो आला की उठतो आणि खिडकी लावून घेतो. उकाड्याने जीव जातो, पण खिडकी बंद.

उजवीकडच्या स्वस्त बाकड्यांवरची ती टोळी तू विसरली नसशील. त्यातला चेस्टर, तो ढेरपोट्या बस ड्रायव्हर, दोनदा येऊन गेला. तुझ्या बापाने, लुडविकने, दार उघडलं नाही. मग माझ्याकडे बसून माझा अर्धा केक संपवला आणि सांगितलं, की ती उशी त्याच्याकडे आहे. दर मॅचला भोंग्याच्या जागेवर (लुडविकला ते भोंगाच म्हणतात ना) ठेवतात आणि कोणाला बसू देत नाहीत. नवखा कोणी बसला तर अख्खी रांग त्याला उठवते.

दुसरी गोष्ट ऐक. सेंट लुईसच्या संघातला तो हॅगस्ट्रॉम, उजव्या कोपऱ्यात आपल्या बाकड्यांसमोर उभा राहतो तो. लुडविक त्याला वर्षानुवर्षं पिडत आलाय. तुझ्या हातमोज्याला आमच्या छपराएवढं भोक आहे, तुझी आई रेडिओ ऐकत्येय, तिला तरी तोंड दाखवायला जागा ठेव, असलं काहीबाही. तोही कानामागे हात धरून ऐकू येत नाही म्हणायचा. एकदा त्याचे वडील गेले आणि तो थेट अंत्यविधीहून खेळायला आला. त्या दिवशी लुडविकने पहिल्या डावात कोणाला तोंड उघडू दिलं नाही. मग उठून एकटाच ओरडला, "वडिलांचं ऐकलं रे पोरा. आता वाईट खेळ बघू!" हॅगस्ट्रॉमने पाठ न वळवता टोपी उचलली म्हणे.

तर गेल्या महिन्यात तो आला, कानामागे हात धरला, आणि वरून आवाजच येईना. वळून उशीकडे बोट दाखवून त्याने विचारलं, की भोंगा कुठाय. चेस्टरने ओरडून गळ्याचं सांगितलं. मी हे लुडविकला सांगितलं तर त्याने पाटीवर लिहिलं, "चेस्टर थापाड्या आहे." आणि पुसून टाकलं.

जुलैत सेंट लुईसवाले पुन्हा यायचेत. त्याला एकदा तिथे नेऊन बसवू का? तुझी परवानगी नको आहे, पण तुझ्या मनात काय आहे ते कळव.

तुझी सुरकुतलेली आत्या,
ब्रोन्या

पोर्टलंड,
२७ जून १९८३

ती. ब्रोन्याआत्यास,
सा. न. वि. वि.

खरं सांगू का, तुझं पत्र वाचून आधी मला रागच आला. त्या बाकड्यांचं नाव काढलं की मला एकच दिवस आठवतो. मी नऊ वर्षांची होते. समोरच्या संघाने होमरन मारला आणि चेंडू भिंतीवरून थेट माझ्या मांडीवर येऊन पडला. माझ्या मांडीवर, आत्या! मी तो छातीशी धरला. आणि सगळी बाकडी ओरडायला लागली, टाक परत, टाक परत. दुश्मनाचा चेंडू घरी न्यायचा नाही म्हणे. मी बाबांकडे पाहिलं. ते खाली वाकले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, "इरेना, हा आपला नाही."

मी फेकला. जेमतेम वेल चढलेल्या भिंतीपलीकडे मैदानात पडला. लोक उभे राहून ओरडत होते, कोणीतरी माझ्या फ्रॉकवर बिअर सांडली, आणि सगळ्यांत मोठ्याने बाबा ओरडत होते. काय ते मला कळलं नाही. मला वाटलं, मलाच हसताहेत. त्यानंतर मी तिथे पाऊल ठेवलं नाही. हसशील, पण अजून वाटतं, की तो चेंडू माझा होता.

पण ते खिडकी लावून घेतात हे तू लिहिलंस, ते वाचून मला जेवण गेलं नाही. मला बाबा इथे हवेत गं, पण असे नकोत. ने त्यांना. त्यानंतरही येतो म्हणाले तर मी आनंदाने घेऊन येईन. नाही म्हणाले तर मी काय, मी डोंगर बघत बसेन.

काय होईल ते लगेच कळव, आणि रागावली असशील तरी लोभ कमी करू नकोस.

इरेना

शिकागो,
२५ जुलै १९८३

चि. इरेनास,
अनेक आशीर्वाद.

गेलो आम्ही. आता नीट बसून वाच.

मी सरळ खोटं बोलले. म्हटलं, मी चेस्टरच्या मंडळींना सॉसेज आणि कच्च्या कांद्याचे पाव कबूल केलेत, आणि हे गुडघे घेऊन मला पेटी उचलवत नाही, तू फाटकापर्यंत चल. फाटकापर्यंतच, असं पाटीवर खाली रेघ मारून लिहिलं त्याने. फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने बघितलं आणि नुसतं म्हणाला, "उशीर झाला आज, भोंगा." जसा काल येऊन गेला होता! लुडविक तिथे उभा राहिला, पेटी हातात. मग चढला वर.

उशी जागेवर होती. कोणी मिठ्या मारल्या नाहीत, कोणी गळ्याकडे पाहिलं नाही. चेस्टर म्हणाला, सरक, पाव दे. मला बरं वाटलं. पण लुडविक मान खाली घालून बुटांकडे बघत बसला. हॅगस्ट्रॉम येऊन उभा राहिला, मंडळी ओरडली, पण त्या ओरडण्यात काही दम नव्हता. हॅगस्ट्रॉमने वळून पाहिलं. रुमाल बांधलेला गळा, मांडीवरची पाटी, सगळं पाहिलं. पूर्ण डाव पाठ करून उभा राहिला, एकदाही कानामागे हात नेला नाही. मला वाटलं, आपलं चुकलं, उगाच आणलं याला.

पुढच्या डावाआधी ते हात मोकळे करायला चेंडू फेकतात ना, तो शेवटचा चेंडू त्याने वर भिरकावला. थेट लुडविकच्या मांडीवर, कांद्यांत. आणि खालून ओरडला, "गळ्याचं ऐकलं रे म्हाताऱ्या. आता परत टाकून दाखव!"

मग चेस्टरने वाद काढला, की हा होमरन नाही, हा ठेवता येतो. मागून कोणी म्हणालं, दुश्मनाचा तो दुश्मनाचा. इतक्यात लुडविक उभा राहिला. कांदा झटकला आणि असा फेकला, इरेना, असा फेकला, की हॅगस्ट्रॉमला हातमोजा हलवावासुद्धा लागला नाही. जो गलका झाला! तो आपल्या स्वयंपाकघरातही ऐकू गेला असेल. हॅगस्ट्रॉमने टोपी काढली, आणि तोच चेंडू पुन्हा वर टाकला. पंच डोळे वटारून बघतोय आणि हे दोघे बाप्ये पोरांसारखे खेळताहेत. लुडविकने तो खिशात घातला. त्याचे खांदे गदगदत होते, मी घाबरले, पण तो हसत होता. आवाज नाही, नुसती हवा.

मग त्याने पाटी ओढली. लिहिलं, उंच धरली, आणि अख्खी रांग एका सुरात ओरडली, "हॅगस्ट्रॉम, फेकतोस अगदी माझ्या बहिणीसारखा!" मी शेजारीच बसले होते मेल्याच्या. संध्याकाळपर्यंत पाटी पुसून पुसून त्याची बाही पांढरी झाली.

रात्री सूप दिलं. एक घोट घेतला आणि लिहिलं, "मीठ संपलंय का?" पुढचं तो तुला स्वतः लिहिणार आहे. आशीर्वाद आहेतच.

ब्रोन्याआत्या

शिकागो,
२८ जुलै १९८३

चि. इरेनास,
आशीर्वाद.

मी येत नाही. मागची खोली भाड्याने दे. डोंगरांवर ओरडून काय उपयोग, ते चिडत नाहीत.

सोबत डब्यात चेंडू आहे. कांद्याचा वास येईल. एकदा नियमाप्रमाणे परत केला, दुसऱ्यांदा आला तो ठेवायचा, असं मंडळींनी बिअर पिऊन ठरवलं आहे. म्हणजे हा आपला. म्हणजे तुझा.

तुझं पत्र ब्रोन्याने मला वाचायला दिलं. त्या दिवशी तू चेंडू फेकलास तेव्हा मी तुला हसत नव्हतो. मी ओरडत होतो, की ती माझी पोर आहे, माझी पोर. गोंगाटात तुला ऐकू आलं नाही. आता मला ओरडता येत नाही, म्हणून लिहून कळवतो.

ऑगस्टात ये. उशीवर दोघं मावू.

लोभ पाठवत आहे. हा परत टाकायचा नाही.

बाबा