समोरच्या बाजूला स्टेडियम

९ सप्टेंबर २०१८, रविवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, बायकोला, मर्नाला, तर नाहीच. मोठं काम हाती घेणाऱ्या माणसाला स्वतःशी बोलायला एक जागा लागते, एवढाच उद्देश.

आज पेपरात नकाशा आला. युनिव्हर्सिटीला नवं स्टेडियम बांधायचंय, शेजारी वसतिगृहं. जुनं पाडून तिथे प्रयोगशाळा केली, तेव्हापासून आपली फुटबॉल टीम एका हायस्कूलच्या मैदानावर भाड्याने खेळते. अख्ख्या ओहायोत तोंड दाखवायची सोय नाही. जागा दोनच. नदीपलीकडची बंद पडलेली टायर फॅक्टरी, नाहीतर आमची फेनिमोर स्ट्रीट. फेनिमोर ठरली तर समोरची सगळी बाजू जाणार. आमची बाजू राहणार. मेन गेट बरोबर आमच्या दारासमोर!

पॅनकेक गार झाले तरी मी नकाशाच बघत होतो. मर्ना म्हणाली, समोर माणसं राहतात, रस्टी. मी म्हटलं, आहेत तोवर आहेत.

ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. बहुधा कौतुक.

१० सप्टेंबर, रात्र

झोप नाही. डोळ्यांसमोर शनिवार. सामन्याच्या दिवशी स्टेडियमजवळचे लोक घरापुढच्या हिरवळीवर गाड्या लावू देतात आणि पैसे घेतात. गाडीवाले तिथेच डिकी उघडून सॉसेज भाजतात, बिअर उघडतात, घरमालकाच्या खांद्यावर हात टाकतात. माझ्या चुलतभावाचं घर असंच एका स्टेडियमजवळ आहे. सोमवारी त्याला कुत्रं विचारत नाही, पण शनिवारी तो राजा.

आणि तो साधा प्लंबर. मी तर या टीमचा किकर होतो, लाथेने चेंडू गोलच्या दोन खांबांमधून उडवणारा, १९८१ ला. राखीव होतो, पण शेवटच्या सामन्यात शेवटची किक माझीच. ती खांबांमधून गेली नाही. सूर्य थेट डोळ्यांत होता. त्यावर सविस्तर कधीतरी लिहीन.

१६ सप्टेंबर, रविवार

मोहीम सुरू. समोरच्या लोकांना प्रेमाने समजवायचं ठरवलं. पहिल्या टिल्मनबाई, पश्चिम टोकाचं घर. विधवा. जन्मभर सिटी बस चालवली, आता चर्चमध्ये लोकांना जागा दाखवतात आणि बाकीच्या वेळी त्यांची जागा दाखवून देतात. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून चीज घालून भाजलेले बटाटे केले.

दार उघडून त्यांनी आधी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं, कोण गेलं?

आमच्याकडे हे बटाटे मयताच्या घरी नेतात, हे ऐनवेळी लक्षात राहिलं नाही. मला दुसरं काही करताही येत नाही. म्हटलं, कोणी गेलं नाही, टिल्मनबाई, सहज आलो. त्या म्हणाल्या, मग कोण जाणार आहे?

विषय आपोआपच निघाला म्हणायचा. मी शहराच्या भल्यावर बोललो, पुढच्या पिढीवर बोललो, त्यागावर तर फारच छान बोललो. त्या म्हणाल्या, त्याग चांगलाच असतो, बाळा. तू तुझं घर दे, मी टाळ्या वाजवते.

पण भांडं ठेवून घेतलं. म्हणजे पाझर फुटतोय.

४ ऑक्टोबर, गुरुवार

शाळेच्या जिममध्ये जाहीर सुनावणी. माणशी दोन मिनिटं. आधी टिल्मनबाई बोलल्या. नवऱ्याने हाताने बांधलेला पोर्च, वगैरे. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. लोकांना रडवणं सोपं असतं.

मी मुद्द्याचं बोललो. बँड नेहमी युनिव्हर्सिटीच्या घंटेपासून वाजवत स्टेडियमपर्यंत चालत जातो. फॅक्टरीकडे जायचं तर पूल ओलांडावा लागेल. पुलावरच्या वाऱ्यात पोरं ट्रम्पेट फुंकणार कशी? फेनिमोर स्ट्रीट घंटेपासून हाकेच्या अंतरावर आहे. पुढे किकवर येणार होतो, तेवढ्यात माइक बंद केला. मत्सर!

कॅम्पस प्लॅनिंगच्या प्रमुख मिस विटकॉम, वय तिशीचं. मला म्हणाल्या, फार मोलाचा मुद्दा मांडलात, मिस्टर होगलंड. दुसऱ्या कोणालाही असं म्हणाल्या नाहीत. टिल्मनबाईंना म्हणाल्या, पण ते बरं दिसावं म्हणून.

मर्ना टिल्मनबाईंच्या शेजारी बसली होती. त्या बाजूला पंखा होता.

१३ ऑक्टोबर, शनिवार

निर्णय व्हायच्या आत तयारी हवी. लोक ऐनवेळी धावाधाव करतात आणि मग नशिबाला बोल लावतात. आज घरापुढे खडी टाकून घेतली. आठ गाड्या आरामात बसतील. मधे मर्नाचे पिओनी होते, तिच्या आईने दिलेले. ते काढावे लागले. नाहीतरी वर्षातून आठवडाभर फुलतात, उरलेला काळ नुसती पानं. हे तिला आकड्यांनिशी पटवून द्यायचं ठरवलं होतं. ती चर्चमधून आली, खडीकडे बघत उभी राहिली आणि आत गेली.

सूचना: आज बोलू नये.

२० ऑक्टोबर

मर्ना आठवडाभर गप्प. हळूहळू पटतंय.

काढलेली मुळं मी मागच्या अंगणात फेकली होती, ती दिसेनात. खिडकीतून पाहिलं तर टिल्मनबाईंच्या कुंपणाशी दोघी गुडघ्यांवर बसून खड्डे खणत होत्या. हसत होत्या. स्टेडियम झाल्यावर तेही जाणारच. मनाला लावून घेतलं नाही.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

जिंकलो! फॅक्टरी बाद. फेनिमोर स्ट्रीट नक्की!!

पेपरात लिहिलंय की फॅक्टरीखालची माती विषारी आहे, साफ करायला फार खर्च येईल. पण शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट आहे: शिवाय बँडची परंपराही लक्षात घेण्यात आली. ती ओळ कापून फ्रिजवर लावली. संध्याकाळी फ्रिजवर नव्हती. चुंबक कमजोर असावा.

हिरवळीच्या उरलेल्या पट्ट्यात मोठी पाटी रोवली: ‘स्टेडियम हवंच’. शेजारचा पीट कोवालचिक म्हणाला, रस्टी, आपली बाजू नक्की राहतेय ना? बायको घाबरलीय. मी त्याची पाठ थोपटली. म्हटलं, पीट, हा रस्टी होगलंड इथे बसलाय कशाला?

१० नोव्हेंबर, शनिवार

आराखडा नीट पाहिला आणि घाम फुटला. मैदान पूर्व-पश्चिम आडवं पडलंय! १९८१ ची तीच चूक. दुपारनंतर पश्चिमेच्या गोलवर किक मारणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य जाणार. एका तरुणाचं आयुष्य उद्ध्वस्त झालं तेवढं पुरे नाही का? मैदान उत्तर-दक्षिण उभंच हवं.

जेवताना मर्नाला सांगितलं. ती त्या दिवशी बँडमध्ये होती, क्लॅरिनेट वाजवायची. म्हणाली, रस्टी, त्या दिवशी पाऊस होता. माझी क्लॅरिनेट आठवडाभर फुगून बसली होती. आपल्या लग्नापासून हा सूर्य मी ऐकतेय. एकदा तरी मावळू दे त्याला.

बायकांना हवामान लक्षात राहत नाही.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

मिस विटकॉमना प्रत्यक्ष भेटलो. कागदावर मैदान, सूर्य आणि स्वतःला काढून दाखवलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आमचे इंजिनिअरही हेच म्हणत होते, पण मैदान फिरवलं तर रहिवासी काय म्हणतील, म्हणून विषय बाजूला ठेवला होता. आता रहिवाशाचीच मागणी आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला. हे लेखी द्याल का?

लेखी दिलं. सही अशी झोकात केली की कागद फाटायचा बाकी होता. एखाद्या गेटला माझं नाव द्यायला हरकत नाही, असंही सुचवलं. त्या म्हणाल्या, नोंद घेते.

नोंद घेते!

१८ जानेवारी २०१९, शुक्रवार

नवा नकाशा आला. छपाईत चूक आहे.

दुपारी

छपाईत चूक नाही. मैदान उभं केल्यावर ते दोन्ही टोकांना आखूड झालं आणि मधे लांब झालं. म्हणजे रस्ता ओलांडून आमच्या बाजूला आलं. आमचं घर गेलं, पीटचं गेलं, मधली सगळीच गेली. समोरच्या बाजूची पश्चिम टोकाची पाच घरं सुटली. मेन गेट टिल्मनबाईंच्या दारासमोर.

मिस विटकॉमना फोन केला. आवाज अगदी गोड. म्हणाल्या, मिस्टर होगलंड, तुमच्या सूचनेशिवाय हे शक्यच नव्हतं. अहवालात तुमचं नावही घातलंय. मी म्हटलं, अहो, पण माझं घर! त्या म्हणाल्या, हो, त्याबद्दल फार फार वाईट वाटतं आम्हाला.

मर्नाला सांगितलं. ती भांडी घासत होती. घासतच राहिली. एकच भांडं कितीतरी वेळ. मग म्हणाली, मी या घरात म्हातारी होणार होते, रस्टी. तेवढंच मागितलं होतं मी.



२० जानेवारी, रविवार

टिल्मनबाई आल्या. हातात चीज घालून भाजलेले बटाटे. भांडं माझंच. मर्नाला कुशीत घेतलं, मला बटाटे दिले. म्हणाल्या, मनापासून वाईट वाटलं, बाळा. आणि हे बघ, मी शब्दाची पक्की आहे. मग खरंच टाळ्या वाजवल्या. तीनदा. सावकाश.

मीठ कमी होतं.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

सिटी कौन्सिलचं मतदान. मी विरोधात बोललो. जोरदार! म्हटलं, रिकामी फॅक्टरी पडलीय आणि तुम्ही नांदती घरं पाडता? एका पुलाचं काय एवढं? बँडची पोरं तरुण आहेत, चालतील! एका सभासदाने चष्मा लावला आणि ऑक्टोबरातलं माझंच भाषण वाचून दाखवलं. ट्रम्पेटवर लोक हसले. मग उत्तर-दक्षिणचं माझं पत्र वाचलं. तेव्हा आमच्या बाजूचं कोणी हसलं नाही. पीट उठून माझ्यापर्यंत आला. मला वाटलं मारतो. नुसता बघत राहिला. म्हणाला, माझ्या बायकोला मी सांगितलं होतं, रस्टी आहे ना.

ठराव एकमताने मंजूर.

घरी आलो तर दारात पाटी: ‘स्टेडियम हवंच’. उपटायला गेलो. जमीन गोठलेली, पाटी निघेना. पीटची बायको खिडकीतून बघत होती. तिने पडदासुद्धा ओढला नाही.

३१ मे, शुक्रवार

घर सोडलं. हायवेशेजारी फ्लॅट घेतलाय. बाल्कनी आहे. ट्रक मोजता येतात.

मर्नाची खोकी वेगळी बांधलेली होती. मला वाटलं, नाजूक सामान असेल. ती खोकी टिल्मनबाईंच्या वरच्या खोलीत गेली. मागोमाग मर्नाही. किती दिवस, असं विचारलं. म्हणाली, तू हिशेब करू नकोस, रस्टी, तुझे हिशेब अंगाशी येतात. मी म्हटलं, मग मी एकटा काय करू? म्हणाली, बाल्कनीत बस. ऊन येतं का बघ.

तात्पुरतंच आहे. धुरळा खाली बसला की येईल.

१२ जून

घर पाडलं. बघायला जायचं नाही असं ठरवलं होतं. गेलो. टिल्मनबाईंच्या पोर्चवर मर्ना बसली होती. मी इकडून हात केला. मशीनचा आवाज फार होता, तिला दिसलं नसेल.

४ सप्टेंबर २०२१, शनिवार

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

आज नव्या स्टेडियममधला पहिला सामना. माजी खेळाडू म्हणून आमंत्रण येईल अशी खात्री होती. टपालात काही घोटाळा झाला असावा, तिकीट काढलं. मिस विटकॉम बढतीवर दुसऱ्या युनिव्हर्सिटीत गेल्या. गेटला देणगी देणाऱ्या एका गादीवाल्याचं नाव आहे.

गाडी लावायला कुठे जागा नव्हती. फिरत फिरत पश्चिम टोकाला आलो. पाचही घरांपुढे गाड्याच गाड्या. टिल्मनबाई पोर्चवर खुर्ची टाकून, मांडीवर पैशांचा डबा. पाचही अंगणांचा कारभार त्यांच्याकडे. आणि गाड्या लावून घेत होती मर्ना. डोक्यावर गवती टोपी, हात असे सपासप हलत होते की विमान उतरवावं. एक ट्रकवाला ऐकत नव्हता तर त्याला तिने असं झापलं की तो मुकाट मागे गेला. माझ्याशी कधी आवाज चढवून बोलली नाही ती.

माझा नंबर आला. मी काच खाली केली, केस सारखे केले. ती म्हणाली, कुंपणाला चिकटून घे. मी म्हटलं, मर्ना, मी आहे. म्हणाली, दिसतंय. पैसे बाईंकडे.

दिले.

पहिल्या अर्ध्यातच आपली टीम भुईसपाट. आपला किकर चारदा चुकला. आभाळ भरून आलेलं, उन्हाचा पत्ता नाही. शेजारचा पोऱ्या ओरडला, याच्यापेक्षा माझी आजी बरी. मी त्याला सांगायला गेलो की १९८१ मध्ये मी... तो म्हणाला, काका, बसा ना, दिसत नाही.

उठून आलो. घरी जावं म्हटलं तर माझ्या मागे तीन गाड्या. मर्नाला म्हटलं, तेवढी काढून दे. म्हणाली, सामना संपेपर्यंत कोणाचीच निघत नाही. मग तिथेच कुंपणाशी उभा राहिलो. बायका शेगडीवर सॉसेज भाजून विकत होत्या. वासाने जीव कासावीस झाला. मर्नाने माझ्याकडे पाहिलं. जरा थांबली. एक सॉसेज पावात घातला, स्वतः चालत आली आणि माझ्या हातात दिला. मी खिशात हात घातला तर मानेनेच नको म्हणाली.

मला भरून आलं. म्हटलं, आता बोलावं. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात पोर्चवरून टिल्मनबाईंनी विचारलं, मर्ना, त्याचे घेतलेस का गं?

मर्ना म्हणाली, राहू द्या, बाई. जळलेला होता, टाकूनच देणार होते.

जळलेलाच होता. खाल्ला.