ताईला घेऊन वाइन चाखायला

३ नोव्हेंबर
ठरलं! वाइन चाखायला जायचं. पाठीवर सॅक टाकून एकटीने इतके देश पालथे घातले, पण या खेपेला सोबत ताई. भावोजी गेल्यापासून दहा महिने तिने उंबरा ओलांडलेला नाही. फोनवर म्हणाली, "या वयात दारू? लोक काय म्हणतील!"
म्हटलं, लोकांना सांगायचंच कशाला?

५ नोव्हेंबर
द्राक्षांची तोडणी सुरू व्हायच्या आधी गर्दी नसते, खोल्या निम्म्या दरात मिळतात. शनिवार-रविवार टाळायचा. बड्या वाइनरी तर नकोतच — घोटाघोटाला पैसे! छोट्या मळेवाल्याला आधी फोन केला, की तो स्वतः पिंपापाशी नेतो. टॅक्सी नाही, साधी बस. दोघींत एकच पेला. मुक्काम एका शिंपीणबाईंच्या माडीवर. स्वयंपाकघर वापरू देणार आहेत.
ताईची सामानाची यादी आली. इस्त्री, दोन उशा, गरम पाण्याची पिशवी! कपाळावर हात मारून घेतला.

८ नोव्हेंबर
ताईने ऐन वेळी पाय मागे घेतला. "मनच लागत नाही गं कशात." मी नको तितकं बोलले. फोन ठेवला आणि रडले.

९ नोव्हेंबर
सकाळी सातला दारात ताई! इस्त्रीसकट.

११ नोव्हेंबर
चुकीच्या थांब्यावर उतरलो. उतरवलं कोणी? मीच — म्हणे अनुभवी प्रवासी! तीन किलोमीटर पायपीट, त्यात चिखल. मी ओशाळलेली, आणि ताई रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसतेय. हे हसू मी विसरलेच होते.

१२ नोव्हेंबर
आजचा मळेवाला उंच, अबोल. बाटली उघडून पेला पुढे केला. ताईने हुंगला आणि म्हणाली, "याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय."
मी डोळे वटारले. फुकट पाजतोय बिचारा, आणि ही नावं ठेवतेय!
मळेवाल्याने पेला नाकाशी नेला. एकदा. पुन्हा एकदा. "खरंय बाई. बूच खराब निघालं. मला नसतं कळलं."
"साबणाच्या कारखान्यात तीस वर्षं वासच तपासत होते," ताई म्हणाली. जणू काही विशेष नाही!
मग त्याने सगळी पिंपं उघडली. ताई एकेकावर वाकून सांगत होती, तो भराभर लिहून घेत होता. मी कोपऱ्यात पाव खात बसले — मला कोण विचारतंय!

१४ नोव्हेंबर
परतीच्या बसमध्ये. एकटीच. ताई मळ्यावर राहिली — हिवाळाभर, पगारावर! थांब्यावर सोडायला आली होती. बस हलली तशी खिडकीशी येऊन म्हणाली, "पोचलीस की फोन कर गं. एकटीच आहेस, मला काळजी वाटते."