पोरगं कसं हाय?

३ डिसेंबर, मंगळवार

हरभऱ्याच्या फवारणीचे दिवस, दुकानात गर्दी. दुपारी दोन पाहुणे आले, सास्तूरकडचे. आधी अळीच्या औषधाचा भाव विचारला, मग खुर्ची पुढं ओढली. तेव्हाच ओळखलं, हे गिऱ्हाईक नव्हे, चौकशी आहे. भानूच्या विशालला पोरगी द्यायचं चाललंय त्यांचं. मुलीचा मामा म्हणाला, "तुमचा बांध त्यांच्या बांधाला लागून. पोरगं कसं हाय, खरं सांगा."

सांगितलं. निर्व्यसनी, उमरग्याला लॅबमध्ये नोकरी, आईबापाला जीव लावणारा. एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण बाकावर नेहमीची मंडळी बसलेली, आता माधवराव काय सोडतात म्हणून तोंडाकडं बघत. म्हणालो, "तुमच्या पोरीला सैपाकाचं टेन्शन न्हाय बघा. आमी तर त्याला लहानपणापासून वैनीच म्हणतो."

सगळं दुकान हसलं. मामाही हसला. चहा मात्र अर्धा ठेवून उठला.

घरी येऊन सुमनला रंगवून सांगितलं. तिला हसू आलं नाही. "तुमच्या जिभंला हाड न्हाय," म्हणाली आणि भाकरी थापत बसली.

७ डिसें., शनि.

सोयरीक मोडली.

भानू दुकानात आला. बसला नाही, युरियाच्या थप्पीला टेकून उभा राहिला. "पोरात दोष हाय म्हणं. गावातूनच कळलं म्हणाले. कोण बोललं आसंल रं माधव? तुझ्याकडं धा माणसं येत्यात. जरा कान ठेव."

"ठेवतो," म्हणालो.

ठेवतो म्हणालो! पहिलीपासून एका बाकावर बसलोय आम्ही. त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो. मग पावती फाडायच्या निमित्तानं खाली वाकलो.

८ डिसें., रवि.

जेवण गेलं नाही. सुमननं कारण विचारलं नाही, म्हणजे तिला ठाऊक आहे.

'वैनी' हे नावही माझंच. त्याच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात हे पोरगं, सहावीत असेल, बायकांत बसून पुऱ्या लाटत होतं. गोल, एकसारख्या. मांडवात मी मोठ्यानं म्हणालो, "वैनी, दोन इकडं वाढा." नाव चिकटलं. त्या वेळी माझी मलाच मौज वाटली होती.

१२ डिसें., गुरु.

सोयरीक मोडल्याचं आता गावात सगळ्यांना कळलंय. आज बाकावरचा एक जण म्हणाला, "वैनीला आता नवराच बघाय लागंल." आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, पुढची फोडणी मी घालणार म्हणून.

फोडणी घातली नाही मी. पण हसलो. सवयीनं हसलो. तेवढ्यात रस्त्यावरून विशालची आई भाजीची पिशवी घेऊन चालली होती. तिनं मान वळवली नाही, पदर ओढला फक्त.

थू माझ्यावर.

१७ डिसें., मंगळ.

ठरवलं. सास्तूरला जायचं, पाहुण्यांच्या पाया पडायचं, सांगायचं की मी खोटं बोललो, मस्करी होती. सोयरीक जुळवून आणायची. जाण्याआधी वि.ला सांगावं म्हणून उमरग्याला उतरलो.

लॅबमधून हात पुसत बाहेर आला. हायवेच्या टपरीवर चहा सांगितला. मी सुरुवात करायच्या आतच तो म्हणाला, "माहीत हाय, काका. मुलीचा मामा लॅबात येऊन गेला. तुमचं नाव त्यानंच सांगितलं."

"भानूला सांगितलंस?"

"अण्णांला न्हाय सांगितलं. तुमी दोघं भांडचाल."

मी म्हणालो, आज जातो, खोटं होतं म्हणून सांगतो. तो चहाकडं बघत राहिला. "नका सांगू, काका. ते खोटं न्हाय."

मला कळायला वेळ लागला. तोवर त्यानंच सांगितलं, हळू, शेजारच्या बाकावरच्या ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये असं. पोरींविषयी त्याला तसलं कधीच काही वाटलं नाही. शाळेतच कळलं होतं. "त्या पोरीचं तरी भलं झालं." मग जरा थांबून, "दहावीपर्यंत मी शाळंत पाणी पीत न्हवतो. मुतारीत गेलं की पोरं वैनी वैनी करून चड्डी वढायची. घरी येऊस्तवर दम धरायचो."

हातातला चहा खाली ठेवला.

"मग मी काय करू?" एवढंच विचारलं.

"मस्करी केली म्हणा. पण खोटं व्हतं म्हणू नका. तेवढं म्हणलात की अण्णा म्हयन्याभरात दुसरी पोरगी उभी करतील." आणि वर म्हणतो, "चहा घ्या, निवायलाय."

सास्तूरला न जाताच परतलो. एसटीत डोळे पुसले. बाजूच्या म्हातारीनं विचारलं, कुणी गेलं का? न्हाय म्हणालो.

२० डिसें., शुक्र.

बियाणं उगवलं नाही की मी म्हणतो बायल्या. ट्रॅक्टर चढ चढेना, बायल्या. चहा पांचट, तोही बायल्या. आज ठरवून तो शब्द गिळत होतो. किती वेळा गिळावा लागला! संध्याकाळी बाकावरचे म्हणाले, मालक आज आजारी दिसत्यात.

२४ डिसें., मंगळ.

भानू पोराला कुठल्याशा वैद्याकडं घेऊन गेला होता. 'ताकदीची' पूड आणलीय. वि. सुट्टीला घरी आला की बापासमोर दुधातून मुकाट घेतो म्हणे.

दुसरं स्थळ आलंय. येळवसाला, म्हणजे वेळ अमावास्येला, पाहुण्यांना रानातच जेवायला बोलावलंय, म्हणजे पोरगं बघणं होईल आणि गाजावाजाही नको. भानूनं माझे दोन्ही हात धरले. "तू बोलाय पायजेस. तुझ्या शब्दाला वजन हाय."

वजन.

३० डिसें., सोम. येळवस.

कडब्याची खोप, आत पाच पांडव म्हणून मांडलेले पाच दगड, चुना लावून. आंबील शिंपडत रानाला फेरी झाली. दरसाली दोन्ही घरांची पंगत बांधावर एकत्र बसते, तशी आजही बसली. भज्जी, उंडे, खीर. भानूच्या बायकोच्या हातचं आंबील, तिनं तांब्याची बिंदगी भरून आमच्याकडं दिलेलं. वि. वाढत होता.

पाहुण्यानं भाकरी मोडली आणि विचारलंच, "मग, पोरगं कसं हाय म्हणायचं?"

भानूनं माझ्याकडं पाहिलं. किती विश्वासानं.

म्हणालो, "पोरगं सोन्यासारखं हाय. पण लगीन करायचं का न्हाय, ते त्याला कुणी इचारलंय का?"

भानू हसला. मस्करी वाटली त्याला. माझंच पेरलेलं. "त्यात काय इचारायचं?"

"इचार की."

वि.च्या हातातली पळी थांबली. "मला करायचं न्हाय, अण्णा," म्हणाला. येळवसाच्या ताटावरून कुणी उठत नाही, म्हणून सगळे खाली मान घालून जेवले. पाहुण्यांनी हात धुतले आणि गाडी चालू केली.

मग भानूनं मला बाभळीकडं नेलं. माझ्या त्या प्रश्नावरून त्यानं मागचं सगळं ओळखलं होतं. "सास्तूरवाल्यास्नी तूच बोलला व्हतास."

"व्हय."

वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं माझं मनगट धरलं. "मस्करी केली व्हतीस न्हवं?"

"मस्करी केली. लई वाईट केलं, भानू."

"खोटं व्हतं म्हण."

मी नजर बांधाकडं वळवली.

"माधव, नुसतं खोटं व्हतं एवढं म्हण. मी काय बी इसरतो."

जन्मभर नको तिथं चाललेली जीभ. तिला आज मी दातांत धरलं. भानू बघत राहिला, माझ्या तोंडाकडं, अगदी बाकावरचे बघतात तसा. मग त्याची पकड सुटली. खोपीकडं न जाता तो बांधाच्या कडेनं सरळ घरी गेला.

दिवेलागणीला, रीतीप्रमाणे, सगळ्या शिवारात कडब्याचे पेटते हेंडगे फिरत होते. भानूच्या रानात कुणी पेटवला नाही.

३१ डिसें., मंगळ.

सकाळी वि.ची मोटरसायकल दुकानापुढं थांबली. पाठीवर मोठी बॅग. उतरला नाही. "राती अण्णा जेवले न्हाईत. माझ्याशी बोलले बी न्हाईत," म्हणाला. "पर ती पूड त्यांनीच उकिरड्यावर टाकली." परत कधी येणार विचारलं, तर "बघू, काका," म्हणाला आणि गेला.

त्यांची बिंदगी आमच्याकडंच राहिलीय. सुमननं चिंचेनं घासून लख्ख केली. रिकामं भांडं परत करायची रीत नाही, म्हणून विचारलं, काय घालू यात? मला सुचेना. तिनं गूळशेंगा घातल्या, वर फडकं बांधलं. "मी न्हाय जाणार," म्हणाली. "तुमचं तुमी न्या."

दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. भानू त्याच्या ओसरीवरच बसलाय, इथून दिसतो.